घाट चढून गाठावी लागणारी कऱ्हा

या महिन्याच्या सदरात कऱ्हेबद्दलचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. पुरंदर तालुक्याच्या पश्चिम टोकाला उगम पावून सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती असा प्रवास करत ही नदी सोनगावजवळ नीरेला मिळते. नीरा पुढे नरसिंहपूरला भीमेत जाते, भीमा कृष्णेत. म्हणजे कऱ्हा ही उपनदीची उपनदी. पत्रं लांब होती, प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : कऱ्हेचा उगम नक्की कुठला मानायचा? गावात कुणी गराडे म्हणतं, कुणी वरच्या डोंगरातला झरा दाखवतं. लांबीही प्रत्येक पुस्तकात वेगळी. (सासवड)

दोन्ही बरोबर आहेत. गराडे हे उगमाच्या भागातलं ओळखीचं गाव आणि तिथल्या धरणामुळे नाव आणखी पक्कं झालं. प्रत्यक्षात धरणाच्या वरही ओढे आहेतच. अशा वेळी नियम साधा लावायचा: संगमापासून नदीच्या उलट दिशेने चालत जायचं, प्रत्येक फाट्यावर जो फाटा जास्त लांब तो धरायचा, आणि जिथे पाणलोटाची कड (जिच्या पलीकडे पाणी दुसऱ्या बाजूला उतरतं) लागेल तिथे थांबायचं. बारमाही झरा कुठे आहे हा वेगळा प्रश्न. श्रद्धेचं उगमस्थान बहुतेक वेळा झऱ्यापाशी असतं, भूगोलाचं कडेपाशी.

सासवडला संगमेश्वराच्या देवळापाशी चांबळीकडून येणारा ओढा मिळतो. त्यालाही भोगावती असं स्वतंत्र नाव आहे. अशा जागी 'मुख्य नदी कुठली' हे ठरवताना पात्राची रुंदी बघू नका, फसाल. रुंदी खडकावर आणि माणसाच्या करणीवर अवलंबून असते. लांबी आणि पाणलोटाचं क्षेत्र बघा.

लांबीचे आकडे जुळत नाहीत याचं कारण नकाशाची पट्टी. १:२,५०,००० च्या नकाशावर लहान वळणं पुसली जातात, १:५०,००० वर ती दिसतात, त्यामुळे दुसऱ्या नकाशावर तीच नदी काही किलोमीटर जास्त भरते. नव्वद किलोमीटरच्या आसपास हे उत्तर कामापुरतं ठीक आहे. दशांश चिन्हानंतर आकडे देणाऱ्याला मात्र कुठला नकाशा वापरला ते जरूर विचारा.

प्रश्न : शेजारची नीरा उन्हाळ्यातही वाहते आणि आमची कऱ्हा डिसेंबरातच वाळवंट. दोन्ही सह्याद्रीतूनच येतात ना? (मोरगाव परिसर)

इथेच खरी गोम आहे. नीरा सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून येते, भोरच्या पश्चिमेकडच्या धुवांधार पावसातून. कऱ्हेचं डोकं त्या रांगेला पोचतच नाही.

नकाशा समोर घ्या. सिंहगडाकडून पूर्वेला एक डोंगरधार निघते. कात्रज, बोपदेव, दिवे घाट असं करत ती भुलेश्वराकडे जाते. दक्षिणेला पुरंदर-वज्रगडाची दुसरी धार. या दोन धारांच्या मधली जागा कऱ्हेची. पश्चिमेला गराड्याच्या मागची कड ओलांडली की खाली खेड शिवापूरचं खोरं लागतं, ते शिवगंगेचं. शिवगंगा सिंहगडाच्या पायथ्याकडून दक्षिणेला उतरते आणि गुंजवणीमार्फत नीरेला मिळते. म्हणजे सिंहगडावर पडलेला थेंब एक तर मुठेत जातो, नाही तर शिवगंगेत. कऱ्हेच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही. शेजारच्या नद्यांनी तिला डोंगराकडून वेढून टाकलंय.

उरतो तो पर्जन्यछायेतला पाऊस. पश्चिम टोकाला तो बरा असतो, पण पूर्वेला झपाट्याने कमी होतो आणि बारामतीपर्यंत पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो. त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या वळवासारख्या सरींचा. जून-जुलैत पुण्यात संततधार असताना दिवे घाट चढून आलेल्या माणसाला वर नुसती भुरभुर मिळते, हे तुम्ही पाहिलं असेलच.

घाटाची आणखी एक गंमत. पुण्याहून तो चढून आल्यावर पलीकडे तेवढं उतरावं लागत नाही. पुणे साडेपाचशे मीटरच्या आसपास, सासवड साडेसातशेच्या. 'कऱ्हापठार' हे नाव उगाच पडलेलं नाही. पण याच उंचीचा भुर्दंड आज विजेच्या बिलात भरावा लागतो: पुरंदर उपसा योजनेत मुळा-मुठेचं पाणी पंपांनी वर चढवूनच या पठारावर आणावं लागतं. ते पाणी पुणे शहर ओलांडून आलेलं असतं. त्यामुळे ते पिण्याच्या विहिरीशेजारच्या तळ्यात सोडण्याआधी तपासणी करून घ्या.

नीरेचं म्हणाल तर तिचं उन्हाळी वाहणंही सगळं नैसर्गिक नाही. भाटघर, नीरा-देवघर, वीर या धरणांतून पाणी सुटतं म्हणून ती वाहती दिसते. उलट कऱ्हेवरचं नाझरे धरण (मल्हारसागर) येणारं पाणी अडवतं, आणि ते जेजुरीसह अनेक गावांच्या नळाला लागतं. धरणाच्या खालचं पात्र कोरडं पडायला तेही एक कारण आहे.

प्रश्न : बारामतीच्या जवळ पात्रात उन्हाळ्यातही डबकी दिसतात. झरे आहेत का?

बरंचसं पाणी कालव्याचं. नीरा डावा कालवा बारामतीवरून इंदापूरकडे जातो. त्याचा पाझर आणि उसाच्या शेतातलं जास्तीचं पाणी ओढ्यांतून कऱ्हेत उतरतं. थोडक्यात, नीरेचंच पाणी आडवळणाने कऱ्हेतून पुन्हा नीरेला जातं. हे पाणी अनेकदा मचूळ लागतं, कारण ते जमिनीतले क्षार घेऊन येतं. पिकाला देण्याआधी मातीबरोबर पाण्याचीही क्षारता तपासा.

प्रश्न : आमच्या गावच्या ओढ्याचं पाणलोट क्षेत्र नकाशावर कसं काढायचं? ग्रामपंचायतीला आणखी दोन बंधारे मागायचे आहेत. (पुरंदर तालुका)

बंधारे मागण्याआधी हे करताय, फार चांगलं. लागणारं साहित्य: सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा (संकेतस्थळावरून उतरवून मूळ मापातच छापून घ्या, 'पानात बसवा' हा पर्याय निवडलात तर पट्टी बिघडते), टोकदार पेन्सिल, खोडरबर आणि पारदर्शक आलेख कागद.

ओढ्यावर जिथे बंधारा हवा तो बिंदू ठळक करा. त्या बिंदूच्या वरच्या सगळ्या निळ्या रेषा शेवटच्या टोकापर्यंत गिरवा. आता समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) वाचा. नकाशावर त्या २० मीटरच्या अंतराने असतात. रेषेचं टोक चढाकडे गेलेलं असेल तर ती घळ, उताराकडे गेलेलं असेल तर ती धार. बिंदूपासून सुरुवात करून धारेधारेने वर चढा, शिखरं जोडा आणि दुसऱ्या बाजूने बिंदूवर परत या. ही रेषा समोच्च रेषांना काटकोनात छेदते आणि निळ्या रेषेला बिंदू सोडून कुठेही छेदत नाही. छेदली तर चुकलं, मागे या.

चुका होतात त्या सपाट जागी. कऱ्हापठारावर दोन समोच्च रेषांमध्ये कधी कधी अर्धा-पाऊण किलोमीटर अंतर असतं आणि पाणी कुठे वळतं ते कागदावर कळत नाही. तिथे पावसात प्रत्यक्ष जाऊन बघा. रस्त्याचा भराव, रेल्वेचा बांध, कालव्याचा पाट यांनी पाणी दुसऱ्याच ओढ्यात वळवलेलं असतं, आणि नकाशाला त्याचा पत्ता नसतो. मोऱ्या कुठे आहेत ते टिपून ठेवा.

मग आलेख कागद वर ठेवून चौकोन मोजा. एक चौरस सेंटिमीटर म्हणजे २५ हेक्टर. समजा ४० चौकोन भरले: १,००० हेक्टर, म्हणजे १० चौरस किलोमीटर. पाऊस ५०० मिलिमीटर आणि त्यातला १० टक्के ओढ्याने वाहून येतो असं धरलं, तर वर्षाला पाच लाख घनमीटर पाणी. आता गावात आधीच असलेली तळी, बंधारे, शेततळी यांची साठवण बेरजेत मांडा. ती साडेचार लाखांवर गेली असेल तर नवा बंधारा म्हणजे वरच्याचं पाणी खालच्याला किंवा खालच्याचं वरच्याला, एवढंच. दहा टक्के हा आकडा डोंगराळ, उघड्या जमिनीला कमी पडेल, बांधबंदिस्ती झालेल्या शिवाराला जास्त वाटेल. दुष्काळी वर्षात तो दोन-तीन टक्क्यांवरही येतो. सरासरी वर्षाच्या हिशोबावर बंधारे बांधले की दहातली पाच वर्षं ते अर्धवटच भरतात.

प्रश्न : ओढ्याला किती पाणी आहे हे मुलांकडून मोजवून घ्यायचंय. यंत्र नाही. (माध्यमिक शाळेतील भूगोल शिक्षिका)

यंत्र नको, संत्रं चालेल. ते जवळपास पूर्ण बुडून तरंगतं, म्हणून वाऱ्याने ढकललं जात नाही. थर्माकोलचा तुकडा वापरू नका.

ओढ्याचा २० मीटर सरळ, बिनअडथळ्याचा तुकडा निवडा. दोन्ही टोकांना आडव्या दोऱ्या बांधा. रुंदी मोजा, काठापासून काठापर्यंत दर अर्ध्या मीटरवर खोली घ्या आणि सरासरी काढा. संत्रं वरच्या दोरीच्या दोन-तीन मीटर आधीच सोडा, म्हणजे दोरीपाशी येईपर्यंत ते प्रवाहाच्या वेगाला लागलेलं असतं. मधून, डावीकडून, उजवीकडून असं किमान पाच वेळा करा. एखादी वेळ गवतात अडकली तर ती सोडून द्या.

रुंदी ४ मीटर, सरासरी खोली २५ सेंटिमीटर, तर छेद १ चौरस मीटर. २० मीटर जायला ४० सेकंद लागले, तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. पण हा पृष्ठभागाचा वेग, तळाशी पाणी सावकाश जातं. म्हणून ०.८ ने गुणा, गोट्यांचा उथळ तळ असेल तर ०.७ ने. उत्तर: सेकंदाला ०.४ घनमीटर, म्हणजे ४०० लिटर, म्हणजे १४ क्युसेक. बातम्यांतला क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर, हे मुलांना एका बादलीच्या हिशोबात सांगितलं की पक्कं बसतं.

पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा गढूळ असेल, तर मुलांना पात्रात उतरवू नका.

प्रश्न : आमच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात दिवाळीला पाणी तुडुंब असतं, संक्रांतीला तळ दिसतो. पाणी जातं कुठे? (बारामती तालुका)

बाष्पीभवन आणि उपसा दोन्ही आहेत, पण पहिला संशय ढाप्यांवर (पाणी अडवायला बंधाऱ्याच्या खाचांत बसवायच्या लोखंडी फळ्यांवर) घ्या. तळाशी दोन मीटर लांब आणि अर्धा सेंटिमीटर उंच फट राहिली आणि वर दीड मीटर पाणी असेल, तर त्या एका फटीतून दिवसाला साधारण २८ लाख लिटर जातं. दहा हजार लिटरचे पावणेतीनशे टँकर! पातळी उतरेल तशी गळती मंदावते खरी, पण तोवर उशीर झालेला असतो.

फट राहते ती बहुतेक ढापा वाकडा असल्याने नाही, तर खाचेत आणि तळपट्टीवर खडा, वाळू, काटकी अडकल्याने. म्हणून ढापे बसवण्याआधी खाचा तारेच्या ब्रशने घासून धुवा, तळपट्टी हाताने चाचपा. रबरी पट्टी दाबून बघा. कडक होऊन तडकली असेल तर या वर्षीच बदला, पुढच्या नाही. खालचा ढापा पूर्ण टेकल्याशिवाय वरचा बसवू नका. ढापे बसल्यावर पाण्याच्या बाजूने जाड प्लास्टिकचा कागद तळापासून वरपर्यंत सोडून पायथ्याला चिकणमातीची पोती दाबली, तर पाण्याच्या दाबाने कागद फटीवर घट्ट बसतो. वाळूची पोती उपयोगाची नाहीत, त्यातून पाणी झिरपतंच.

बसवायची वेळ हा कऱ्हेवरचा अवघड भाग. इथला भरवशाचा पाऊस उशिरा पडतो. सप्टेंबरात सगळे ढापे टाकले आणि वर ढगफुटी झाली, तर ढाप्यांना धडकलेलं पाणी बाजूची माती कापून वाट काढतं. बंधारा कोरड्यात उभा आणि नदी शेजारच्या शेतातून, हे दृश्य या खोऱ्यात नवीन नाही. नोव्हेंबर उजाडू दिला तर अडवायला प्रवाहच उरत नाही. मधला मार्ग असा: सप्टेंबरच्या अखेरीस खालचे दोन थर, ऑक्टोबरच्या मध्यावर हवामानाचा अंदाज बघून बाकीचे. मेअखेर सगळे काढून मोजून खोलीत ठेवा, कुलूप लावून. लोखंडी ढाप्यांना भंगारात भाव असतो, एवढंच सांगतो.

उरलेलं पाणी कुठे गेलं याची एक चाचणी आहे. रात्री, पंप बंद असताना, काठावर रोवलेल्या पट्टीवर पातळी बघा आणि पहाटे पुन्हा बघा. रात्रीत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त उतरली आणि ढापे कोरडे दिसले, तर पाणी खालच्या मुरुमातून जातंय. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, ते तुमच्याच विहिरींत उतरतंय.

प्रश्न : मग पात्र खोल केलं तर आणखी मुरेल ना?

थोडं खोल केलं तर हो, फार केलं तर उलट. इथला खडक काळा बेसाल्ट. पाणी धरतो तो त्याच्या वरचा मुरूम आणि मांजऱ्या (सच्छिद्र) खडकाच्या भेगा. गाळ काढला की मुरूम उघडा पडतो आणि मुरणं सुधारतं. मुरूमही काढून काळ्या पाषाणापर्यंत गेलात, तर मुरायला जागाच उरत नाही, नुसतं टाकं होतं. शिवाय पात्राचा तळ काठच्या विहिरींच्या पाणपातळीखाली गेला की विहिरींचं पाणी पात्राकडे ओढलं जातं. गाळ निघून मुरूम लागला की यंत्र थांबवा. वाळूचंही तसंच: पात्रातली वाळू ही पाणी साठवणारी पेटी आहे, ती गेली की पूर आल्यावर पाणी नुसतं धावतं.

प्रश्न : एवढी कोरडी नदी २०१९ मध्ये बारामतीपर्यंत पूर कशी घेऊन गेली? नदीकाठी घर घ्यावं का?

२०१९ च्या सप्टेंबर अखेरीस एका रात्री कात्रज-पुरंदरच्या डोंगरांवर प्रचंड पाऊस झाला. तोच पाऊस पुण्यात आंबील ओढ्याला पूर घेऊन आला. कऱ्हेच्या वरच्या भागात उघडे, तीव्र उताराचे डोंगर आहेत, आणि महिनाअखेर माती आधीच भिजलेली होती. पाणी थेट ओढ्यांत. नाझऱ्यातून विसर्ग ८५ हजार क्युसेकच्या घरात गेला. या वेगाने एक टीएमसी (एक अब्ज घनफूट) पाणी सव्वातीन तासांत वाहून जातं आणि नाझऱ्याची साठवण एक टीएमसीहूनही कमी. तेव्हा 'धरणाने पूर का अडवला नाही' हा प्रश्न इथे गैरलागू आहे. एवढं छोटं धरण असा पूर फार तर तास-दोन तास थोपवतं, आणि ते आधीच भरलेलं असेल तर तेवढंही नाही.

सासवडपासून बारामतीपर्यंत नदी साधारण ७० किलोमीटरमध्ये दोनशे मीटर उतरते, किलोमीटरमागे जेमतेम तीन मीटर. वरच्या उतारावर धावत आलेलं पाणी खाली मंदावून पसरतं. मधल्या वर्षांत पात्रात वेडी बाभूळ माजलेली असते, पुलाच्या गाळ्यांत ओंडके अडकतात, काठाने बांधकामं पुढे सरकतात. कोरड्या नदीचा हाच धोका: दहा वर्षं पाणी न दिसल्याने ती नदी आहे हेच लोक विसरतात.

वेळ किती मिळतो? नाझऱ्यापासून बारामती नदीवाटेने ५० किलोमीटरच्या आसपास. पुराचं पाणी सेकंदाला दोन ते तीन मीटर धरलं तर साडेचार ते सात तास. जनावरं सोडायला, मोटारी काढायला पुरेसा वेळ, जर धरणावरच्या विसर्गाचा निरोप विसर्ग सुटतानाच पोचला तर.

घराबाबत पूररेषा बघा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. 'शंभर वर्षांतून एकदा' ऐकून निर्धास्त होऊ नका. त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांच्या गृहकर्जात तसा पूर एकदा तरी येण्याची शक्यता चारात एक. निळ्या रेषेवरच्या घराला ती सत्तर टक्के. तुमच्या भागात रेषा आखलेलीच नसेल तर २०१९ च्या पाण्याच्या खुणा विचारून घ्या: भिंतीवरचा चिखलाचा पट्टा, झाडाला अडकलेलं पाचट. जोत्याची पातळी त्याच्या वर किमान एक मीटर असावी.

प्रश्न : मोरगावजवळ काठाच्या दरडीत पांढुरकी राख दिसते. वीटभट्टीची का?

नाही. तो ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची राख भारतात अनेक नद्यांच्या काठी सापडते. पुणे जिल्ह्यात कुकडीकाठचं बोरी हेही प्रसिद्ध ठिकाण. राख डोंगरउतारावरून धुऊन आली आणि नदीच्या संथ वळणांत साचली, म्हणून ती सलग नाही, तुकड्यातुकड्यांत आहे. मोरगावात याच गाळाच्या सान्निध्यात आदिमानवाची दगडी हत्यारं मिळाली आहेत. राख ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याहून खूप जुन्या, आठ लाख वर्षांच्या आसपासच्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांत वाद आहे. हत्यारांचं वय त्यावरच अवलंबून असल्याने वाद जोरदार चालतो.

ओळखायची खूण: राख हलकी, पिठासारखी, बोटांत चोळली तर किंचित करकरीत. शेजारची चुनखडी जड आणि गाठीगाठींची, सौम्य आम्लाचा थेंब टाकला की फसफसते. शुद्ध राख फसफसत नाही. फोटो काढा, जागा टिपा, पण कुदळ लावू नका.

प्रश्न : कऱ्हा नदी आणि कऱ्हाड गाव यांचा संबंध काय?

नदीशी काही नाही. कऱ्हाड कृष्णा-कोयनेच्या संगमावर आहे. कऱ्हा म्हणजे पाण्याचं भांडं, लग्नात करवलीच्या हाती असतं ते. ब्रह्मदेवाचा कमंडलू कलंडला आणि त्यातून ही नदी निघाली, अशी मोरगावची कथा आहे. एका भांड्याएवढंच पाणी, असं उन्हाळ्यात पात्र ओलांडताना वाटतं खरं.